कावसजीचे नाक आले, हात मात्र राहिला

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठोबाचा रथ निघतो. पिंप्राळे आता जळगाव शहरात मिसळून गेले आहे, पण त्या दिवशी ते पुन्हा गाव होते. रथाचा दोर ओढायला माणसे, चाकाला मोगरी लावायला माणसे, पानफुले द्यायला माणसे. सगळा उत्सव हातांचा.

रथ पुढे गेला आणि आम्ही एका ओळखीच्या घराच्या ओट्यावर टेकलो. घरच्या कर्त्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात. काही वर्षांपूर्वी गव्हाच्या मळणीत यंत्राने त्यांचा उजवा हात मनगटापासून ओढून नेला. सदऱ्याची बाही मुडपून ते दोराकडे पाहत उभे होते, ते मी पाहिले होते. चहा झाल्यावर ते म्हणाले, "भाऊ, आता म्हणे मेलेल्या माणसाचा हात जित्या माणसाला बसवतात. खरं आहे का? आणि खरं असेल, तर मी थांबू का?"

प्रश्न एका अण्णांचा नाही. मळणी यंत्र, कडबा कापण्याचे यंत्र, विजेची मोटर, रेल्वेचे रूळ, यांनी हातपाय घेतलेली माणसे दर पाचदहा गावांत भेटतात. म्हणून त्यांना जे सांगितले, तेच थोडे सविस्तर येथे सांगतो.

पुण्याचा बैलवाला

या विद्येची एक जुनी आणि जगभर गाजलेली गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातली आहे, आणि ती एका शेतकरी जातीच्या माणसाची आहे. कावसजी हा मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करी. 1792 च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. पुढे सुमारे वर्षभर तो तसाच, बिननाकाचा राहिला.

मग पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. त्याने मेणाचे नाक करून मापाला लावून पाहिले. ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले आणि त्याच्या कडेने कातडी सोलली, पण दोन भुवयांमधली पट्टी तोडली नाही. त्या पट्टीतून रक्त खेळत राहिले. कातडी फिरवून खाली नाकाच्या जागी बसवली आणि वरून पाण्यात कालवलेल्या काताचा लेप दिला. कातडी नीट धरली, तेव्हा पंचवीसएक दिवसांनी ती पट्टी कापली. ही शस्त्रक्रिया इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात कावसजीच्या चित्रासह तिची हकिगत छापून आली. ती वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 साली तशीच शस्त्रक्रिया केली, आणि ही विद्या युरोपात पसरली.

मात्र कावसजीचा हात कोणी परत देऊ शकले नाही. कातडी ही कातडीच असते. हातात हाडे, स्नायू, शिरा, रक्तवाहिन्या आणि नसा असतात, आणि ते सगळे एकमेकांशी जुळावे लागते. नाकापासून हातापर्यंत यायला वैद्यकशास्त्राला दोनशे वर्षे लागली.

आपलाच तुटलेला भाग

सर्वांत चांगला सुटा भाग आपलाच. 1962 साली अमेरिकेत बोस्टन येथे बारा वर्षांच्या एका मुलाचा दंडाजवळ तुटलेला हात डॉक्टरांनी पुन्हा जोडला. आज मोठ्या शहरांतले प्लास्टिक सर्जन तुटलेले बोटही सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडतात. पण त्यासाठी तुटलेला भाग नीट आणि वेळेत पोहोचला पाहिजे. आपल्याकडे घाबरलेली माणसे जखमी माणसाला उचलून धावतात आणि बोट खळ्यातच राहते.

प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. हळद, चुना, माती काही भरू नये. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळावा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड बांधावे, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तो भाग सरळ बर्फावर किंवा पाण्यात, दुधात ठेवला तर निकामी होतो. गारव्यात ठेवलेले बोट बराच वेळ टिकते. मनगटाच्या वर, जिथे मांस जास्त असते, तिथला भाग उष्णतेत पाचसहा तासांपलीकडे टिकत नाही. म्हणून निघण्याआधीच फोन करून ही सोय कोणत्या रुग्णालयात आहे ते विचारावे. भलत्या दारात वेळ घालवू नये.

घडवलेले अवयव

मी अण्णांना विचारले, "तुमच्या आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना?" ते म्हणाले, "हो." मग त्यांच्या घरात एक अवयव आधीच बदललेला आहे! मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जे भिंग बसवतात, तो कृत्रिम अवयवच. लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी ते 1949 साली प्रथम बसवले. युद्धात विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात शिरूनही डोळा त्यांना त्रास देत नाही, हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून ही कल्पना सुचली. आज आपल्याकडे खेडोपाडी शिबिरांतून ते भिंग बसते, आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही.

पायाच्या बाबतीत तर आपल्या देशाने जगाला शिकवले आहे. परदेशी पद्धतीच्या कृत्रिम पायाला बूट लागे. तो घालून मांडी घालता येईना, उकिडवे बसता येईना, चिखलात चालता येईना. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास रबराचा असा पाय तयार केला, की अनवाणी शेतात जाता येते आणि झाडावरही चढता येते. हाच तो 'जयपूर फूट'. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1975 साली जयपूरला स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय मोफत बसवते. या पायाची नळी आज ज्या दणकट प्लास्टिकची करतात, त्याच जातीचे तुषार सिंचनाचे काळे पाइप आपल्या शेतात पडलेले असतात. पुण्याला लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, आणि तेथे सामान्य नागरिकांनाही अवयव मिळतात.

हाताचे काम अवघड. कृत्रिम हाताचे साधारण तीन प्रकार. एक नुसता दिसायला. दुसरा दोरीचा, म्हणजे दुसऱ्या खांद्याच्या हालचालीने आकडा उघडतो आणि मिटतो. तिसरा विजेवर चालणारा, उरलेल्या हाताच्या स्नायूंतला बारीकसा विद्युत इशारा ओळखून बोटे हलवणारा. तिसरा महाग आहे आणि शेतातल्या पाण्याधुळीत जपावा लागतो. कष्टाच्या कामाला आकड्याचा हात साधा पण विश्वासाचा.

दुसऱ्याने दिलेले

आता अण्णांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. होय, मेलेल्या माणसाचा हात जिवंत माणसाला बसवता येतो. सप्टेंबर 1998 मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरात असा हात बसवला गेला. जानेवारी 2015 मध्ये केरळात कोची येथे आपल्या देशातील पहिले हात बसवले गेले. 2014 साली घाटकोपरला रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीला ऑगस्ट 2020 मध्ये मुंबईतच दोन्ही हात मिळाले.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपले शरीर परक्या अवयवाला शत्रू समजून मारू पाहते. त्याला आवरण्यासाठी जन्मभर, रोज, न चुकता औषधे घ्यावी लागतात. त्या औषधांनी रोगाशी लढण्याची ताकद कमी होते. फ्रान्सच्या त्या पहिल्या रुग्णाने औषधांत खंड पाडला, आणि 2001 साली तो हात काढून टाकावा लागला. हृदय किंवा मूत्रपिंड यांवाचून जीव जातो, म्हणून तिथे ही किंमत देणे भाग असते. हातासाठी ती द्यावी की नाही, हे प्रत्येकाने डॉक्टरांशी बसून ठरवावे लागते.

आपल्या मुंबईत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये के. ई. एम. रुग्णालयात हृदयारोपण केले, तेव्हा जगातल्या पहिल्या हृदयारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर देशात यश यायला ऑगस्ट 1994 उजाडले, ते दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. त्याच वर्षी कायद्याने मेंदूच्या मृत्यूला मान्यता दिली आणि अवयवांची विक्री गुन्हा ठरवली. तेव्हापासून अवयव मिळतो तो नंबर लावून, आणि तोही कोणा दुःखी कुटुंबाने 'हो' म्हटले तरच. विद्या तयार आहे, पण देणारे कमी आहेत. खरी अडचण ही आहे.

बहुतेक सगळ्यांना देता येईल असे एक दान आहे, ते म्हणजे डोळ्यांचे. 1905 साली डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे गेलेल्या एका मजुराला दुसऱ्याच्या बुबुळाचा पारदर्शक पडदा बसवून दृष्टी दिली. शेतकऱ्याच्या डोळ्याला धान्याचे कूस किंवा उसाचे पाते लागते, त्यात बुरशी वाढते, आणि हाच पडदा पांढरा होतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे. पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. चष्मा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असो, वय कितीही असो, त्याची अडचण नाही. चेहरा विद्रूप होत नाही. आणि एका माणसामुळे दोघांना दिसू लागते.

उद्या काय?

शास्त्रज्ञ आता तिसरी वाट शोधत आहेत. रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून भाजलेल्यांसाठी कातडी तयार करतात. अमेरिकेत तशा पेशींपासून केलेली मूत्राशये काही मुलांना बसवली होती, ते काम 2006 साली प्रसिद्ध झाले. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे डुकराचे हृदय आणि मार्च 2024 मध्ये बोस्टनला डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवले. माणसाच्या शरीराने ते नाकारू नये म्हणून त्या डुकरांच्या आनुवंशिक गुणांत आधीच बदल केले होते. ते दोन्ही रुग्ण सुमारे दोन महिने जगले. डॉ. सेनांच्या रुग्णाचे तास आठवले, तर दोन महिने थोडे नाहीत. पण बाजारातून टायर आणावा तसा हात आणण्याचे दिवस अजून आलेले नाहीत.

म्हणून अण्णांना म्हटले, "थांबू नका. हात गेल्यावर कृत्रिम हात जितक्या लवकर बसवावा, तितका अंगवळणी पडतो. एका हाताने भागवायची सवय जडली, की नवा हात खुंटीला टांगून राहतो. तुम्हाला उशीर झालाच आहे, आणखी करू नका. सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला घ्या, आणि पुण्याला जाऊन या. उद्या काही चांगलं निघालं, तर तो हात काही आड येणार नाही."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आत पाहून मुलाला हाक मारली. "अरे, त्या मळणी यंत्राच्या तोंडाची पत्र्याची पन्हळ काढून ठेवली होती ना, पेंढी लवकर जाते म्हणून? ती कुठं आहे बघ. यंदा ती बसवल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही."

मुलगा उठला आणि गोठ्याकडे गेला.