विश्लेषण : करवत, ट्रक, पंप... चालू यंत्र अचानक उलटे का फिरते? धोका कुणाला?

पावसाळी वाऱ्याने तारा तुटतात, दोन दिवस वीज नसते. दुरुस्ती होऊन पुरवठा येतो आणि पेण किंवा रोह्यातल्या आरागिरणीत कामगार मोटारीचे बटण दाबतो. आवाज नेहमीचाच, वेगही तोच. फक्त पाते उलट्या दिशेने फिरत असते. लाकूड पुढे सरकवेपर्यंत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. असे का होते आणि त्यातून काय बिघडू शकते?

मोटार उलटी का फिरते?

आरागिरणी, भातगिरणी, खडी क्रशर आणि मोठे पंप बहुतेक थ्री फेज मोटारीवर चालतात. तीन फेज ठरावीक क्रमाने येतात, त्यातून मोटारीत फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि रोटर त्याच दिशेने फिरतो. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली, की हे क्षेत्र उलटे फिरू लागते. मोटारीत काहीही बिघाड नसतो. ती मिळालेल्या क्रमानुसारच चालत असते.

ही अदलाबदल खांबावर, ट्रान्सफॉर्मरवर, मीटरजवळ किंवा स्टार्टर बदलताना होऊ शकते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगडमध्ये विजेचे खांब मोठ्या संख्येने आडवे झाले होते. इतक्या व्यापक जोडणीनंतर प्रत्येक मोटारीची दिशा तपासून घेणे गरजेचे ठरते.

करवतीत धोका जास्त का?

टेबलावरच्या गोल करवतीचे दात कामगाराच्या बाजूने खाली येतात, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबले जाते. पाते उलटे फिरले, की हेच दात खालून वर येतात आणि लाकूड उचलून फेकू शकतात. पाते धरणाऱ्या नटाचे आटेही नेहमीच्या फिरण्यात नट घट्ट राहावा अशा दिशेने असतात. उलट फिरण्यात तो सैल होऊ शकतो. चार पोल मोटार ५० हर्ट्झवर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते आणि पुलीमुळे पात्याचा वेग आणखी वाढू शकतो. त्या वेगात सैल पाते म्हणजे थेट जिवाशी गाठ.

पंपाचे तसे नाही. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडे पाणी देतो. त्यामुळे ‘विहिरीला पाणी कमी झाले’ असे वाटते आणि खरे कारण कित्येक दिवस सापडत नाही.

डिझेल इंजिनही उलटे चालू शकते?

होय. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापली आणि डिझेल फवारले गेले, की ते पेटते. मुंबई-गोवा महामार्गावरील सुकेळी खिंडीसारख्या चढाचा विचार करा. जुना, भरलेला ट्रक पुढच्या गिअरमध्ये असताना चढावर थबकतो आणि मागे घरंगळतो. चाके गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स क्रँकशाफ्टला उलटे फिरवतात. यांत्रिक पंपाचे इंजिन अशा वेळी उलट्या दिशेने पेट घेऊ शकते. हँडल मारून सुरू करायच्या एका सिलिंडरच्या इंजिनातही हँडल अर्धवट मारले गेले, तर उलटा फटका बसून असेच होऊ शकते.

चालकाला वाटते, इंजिन सुरू आहे. तो पहिला गिअर टाकतो आणि ट्रक पुढे जाण्याऐवजी मागे जोर लावतो. मागे वाहनांची रांग असेल, तर या एका चुकीची किंमत मोठी असते.

ओळखायचे कसे?

सर्वात ठळक खूण म्हणजे धूर एअर फिल्टरमधून बाहेर येतो. उलट्या फिरण्यात व्हॉल्व्हची कामे बदलतात. हवा सायलेन्सरमधून आत येते आणि धूर हवेच्या वाटेने बाहेर पडतो. आवाज खडबडीत होतो. ऑइलचा दिवा विझत नाही, कारण ऑइल पंपही उलटा फिरत असतो आणि बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचत नाही. काही वेळ असेच चालू राहिले, तर इंजिन जाम होऊ शकते.

अशा वेळी काय करावे?

ट्रकमध्ये आधी ब्रेक घट्ट दाबावा आणि स्टॉप ओढून डिझेल तोडावे. तरीही इंजिन थांबले नाही, तर ब्रेक न सोडता वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे ते बंद पडते. एअर फिल्टरच्या तोंडावर बोळा कोंबण्यात अर्थ नाही. हवा तिथून येतच नसते.

नव्या गाड्यांत ही भीती आहे का?

फारशी नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. अशा कॉमन रेल इंजिनांत डिझेल कधी फवारायचे हे संगणक सेन्सर पाहून ठरवतो. जुने ट्रक, जनरेटर, ट्रॅक्टर आणि बांधकामावरची जुनी यंत्रे मात्र अजून कामावर आहेत.

टू-स्ट्रोक चेनसॉही क्वचित उलटी सुरू होऊ शकते. तेव्हा साखळी फिरते, पण दात लाकूड कापत नाहीत. बंद करून दोरी पूर्ण जोराने ओढली, की ती पुन्हा सरळ चालते.

मुद्दाम उलटे चालवतात का?

रायगडमध्येच, उरणच्या जेएनपीए बंदरात येणाऱ्या अनेक मोठ्या जहाजांची टू-स्ट्रोक इंजिने मागे जाण्यासाठी थांबवून उलट दिशेने सुरू केली जातात. त्यांत इंधन आणि ऑइलची व्यवस्था त्यासाठीच केलेली असते. आरागिरणीत किंवा ट्रकमध्ये ती नसते.

गिरणीमालकांनी काय तपासावे?

मोटारीवर दिशेचा बाण रंगवावा. वीज दुरुस्तीनंतर पट्टा काढून मोटार क्षणभर चालू-बंद करून दिशा पाहावी. उलटी असेल, तर वायरमनकडून मुख्य स्विच बंद करून दोन फेज बदलून घ्यावेत. फेजचा क्रम चुकला तर मोटार सुरूच होऊ न देणारा रिले स्टार्टरमध्ये बसवता येतो. तो नसेल, तर वीज आल्यावर लाकडाला हात घालण्याआधी पात्याची दिशा पाहावी.