गोदाम ते दवाखाना

गर्भनिरोधकांच्या तुटवड्याचे मूळ अनेकदा कारखान्यात नसून गोदाम आणि दवाखाना यांमधील शेवटच्या टप्प्यात असते, हे पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलच्या अनुभवावरून स्पष्ट होते. राजधानी डाकारमधील बहुसंख्य सरकारी दवाखान्यांत २०११ च्या सुमारास तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन आणि दंडाच्या त्वचेखाली बसवली जाणारी, काही वर्षे परिणाम टिकवणारी संप्रेरकयुक्त कांडी, म्हणजे इम्प्लांट, वारंवार संपत असे. कारण मागणी नोंदवणे, माल आणणे आणि त्याचे पैसे आधीच भरणे हा सारा भार रुग्णसेवेत गुंतलेल्या कर्मचाऱ्यांवरच होता. इंजेक्शनची तारीख टळलेल्या स्त्रीला रिकाम्या हाताने परत पाठवणे म्हणजे तिने विचारपूर्वक घेतलेला निर्णयच हिरावून घेणे होय, आणि ही हानी साठ्याच्या नोंदवहीत कोठेही दिसत नाही.

डाकारलगतच्या पिकीन येथे २०१२ मध्ये ही रीत उलटवण्यात आली. वितरक स्वतः ठरावीक काळाने दवाखान्यात येऊन शिल्लक मोजू लागले, प्रत्यक्ष खपानुसार साठा भरू लागले आणि खपलेल्या मालाचेच पैसे घेऊ लागले; त्यामुळे तुटवडा जवळजवळ नाहीसा झाला व ही पद्धत पुढे देशभर नेण्यात आली.

किमतीचा प्रश्न वेगळ्या मार्गाने हाताळला गेला. खरेदीची हमी मिळाल्यावर २०१३ मध्ये गरीब देशांसाठी इम्प्लांटचा दर सुमारे १८ डॉलरवरून ८.५० डॉलरवर आला. मात्र ही खरेदी बऱ्याच अंशी परकीय निधीवर चालते, आणि २०२१ मध्ये ब्रिटनने संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या साधनपुरवठा कार्यक्रमाला द्यावयाच्या रकमेत सुमारे ८५ टक्के कपात केली.