शिग्राम आणि त्याचे खिळखिळे चाक

शिग्राम म्हणजे पालखीच्या धर्तीवर बांधलेली, वरून छप्पर आणि बाजूंनी बंद असणारी भाड्याची गाडी. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ती मुंबई व मद्रासकडील गाडी म्हणून नोंदवलेली असून तिचे नाव ‘शीघ्र’ या शब्दाशी जोडलेले आहे. अशी गाडी जुनी झाली की ती खडखडू लागे आणि लोक तिला खटारा म्हणत. मात्र या खडखडाटाचा दोष घोड्याकडे नव्हे, तर बहुतांशी चाकाकडे जातो.

लाकडी चाकाच्या मधोमध तुंबा, म्हणजे आस ज्यातून जातो तो जाड ठोकळा असतो. त्यातून आरे निघतात, आऱ्यांच्या टोकांवर परिघाचे वक्र लाकडी तुकडे बसतात आणि या सर्वांना बाहेरून धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचे कडे, आवळून धरते. धाव परिघापेक्षा किंचित लहान घडवतात, विस्तवात तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. निवताना ती आकसते व सांधे घट्ट मिटतात. खिळ्यांपेक्षा या ताणावरच चाक उभे असते, ही कारागिरी खरोखर थोर आहे. परंतु लाकूड पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसते, लोखंड मात्र त्याबरोबर आकसत नाही; म्हणून धाव सैल होते, आरे तुंब्यात हलू लागतात आणि गाडी लटपटते.

उदाहरणार्थ, भिवंडी–वाडा रस्त्यावरील अंबाडी हे गाव, जेथून वज्रेश्वरीकडे जाता येते, नेमके अशाच हवेत वसलेले आहे: चार महिने मुसळधार पाऊस, नंतर दीर्घ कोरडेपणा. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयाशी जोडलेल्या वज्रेश्वरीच्या देवळाची यात्रा चैत्र अमावास्येस भरते, म्हणजे लाकडी चाक ज्या ऋतूत सर्वांत सैल असते त्याच ऋतूत. अशा वेळी चाक पाण्यात भिजवणे किंवा पाचर ठोकणे हा तात्पुरता इलाज. धाव कापून, पुन्हा जोडून बसवणे हाच खरा उपाय, आणि तो खर्च भाड्याच्या गाडीवाल्यास सहज परवडणारा नव्हता.

मुंबईत शिग्रामनंतर व्हिक्टोरिया ही उघडी घोडागाडी रूढ झाली. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सहलीच्या या गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला.