पंख आधी, इंजिन नंतर
पॅरामोटर म्हणजे पाठीवर २० ते ३५ किलोंचं इंजिन आणि डोक्यावर कापडी पंख. नवशिक्याची नजर इंजिनावर खिळते. खरं शिक्षण मात्र पंखाचं. मोकळ्या मैदानात, इंजिनाशिवाय, वाऱ्यावर पंख उभा करून डोक्यावर स्थिर धरायला शिका. हा सराव कितीही केला तरी कमीच. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकलेल्यांना तो आधीच झालेला असतो. सुरुवातीची उड्डाणं सकाळी किंवा सूर्यास्ताआधी, वारा शांत असताना करावीत. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत पंख मिटवू शकतात. इंजिन सुरू करताना हात फिरत्या पात्यांपासून दूर ठेवा. धरण-तलावावरून कमी उंचीवर उडू नका, पाण्यात इंजिनाचं ओझं जिवावर बेततं. आणि जुनं यंत्र कितीही स्वस्त मिळो, प्रशिक्षकाला दाखवल्याशिवाय घेऊ नका.