नवा ससा, जुना धसका

गोठ्यातली गाय गेली की आळीतल्या बायका विचारपूस करायला येतात. कुत्रा गेला तरी दोन-चार जण हळहळतात. आणि ससा गेला तर? "अगं, बाजारात दुसरा मिळेल की!" एवढं बोलून लोक विषय बदलतात. मग ज्या घरातला ससा गेलेला असतो, त्या घरातली बाई गुपचूप रडून घेते आणि कुकर लावायला उठते. या दुःखाला आपल्याकडे जागाच नाही. आणि मैत्रिणींनो, ज्या दुःखाला जागा मिळत नाही, ते पुढे काळजीचं रूप घेऊन परत येतं.

जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माझ्या ओळखीतल्या एका वहिनींचं असंच झालं. मे महिन्यात त्यांचा ससा गेला. संध्याकाळी त्याने हातातून कोथिंबीर खाल्ली होती, सकाळी बघतात तर गार पडलेला. सहावीतली लेक दोन दिवस जेवली नाही. दिवाळीत दिरांनी पुतणीसाठी नवं पिल्लू आणलं. लेक खूश झाली, पण वहिनींची झोप उडाली. रात्रीतून चार-चार वेळा उठून टॉर्च मारून बघायचं, तो श्वास घेतोय की नाही. त्यांचे मिस्टर थट्टेने म्हणायचे, "तू सशाला पाळलंयस की सशाने तुला?" आणि सासूबाईंचं एकच, "माणसांची नाही एवढी काळजी त्या जनावराची!"

वहिनींना थट्टेचं वाईट वाटत नव्हतं. त्यांना एकच प्रश्न खात होता. "अहो, पहिल्या वेळी मला काहीच कसं कळलं नाही?"

काही कळलं नाही, ते का?

या प्रश्नाचं उत्तर सशाच्या स्वभावात आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी. कळपातला जो आजारी दिसतो, त्याच्यावर शिकारी आधी झडप घालतो. त्यामुळे दुखणं लपवणं हे त्याच्या रक्तातच आहे. अगदी सहन होईनासं झालं की मगच तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. म्हणूनच "कालपर्यंत चांगला होता" हे वाक्य ससे पाळणाऱ्या इतक्या घरांत ऐकू येतं. ते निष्काळजीपणाचं लक्षण नव्हे.

आपण पाळतो तो पांढरा, करडा ससा मुळात युरोपातल्या रानटी सशाचा वंशज. आपल्या माळरानावर उड्या मारणारा ससा वेगळा, तो बीळ खणून राहत नाही. (त्याला पकडणं वा पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.) पाळीव सशाचे पूर्वज जमिनीखालच्या गार बिळात राहणारे. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. तापमान तिशीच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. मग खानदेश-विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पिंजऱ्यात त्याचं काय होत असेल? एका दुपारची झळही पुरते.

रात्रीची टॉर्च

एकदा असा धक्का बसला की मन एक धडा शिकतं, "सगळं ठीक दिसतंय म्हणजे ठीक असतंच असं नाही." म्हणून मग सारखं बघावंसं वाटतं. बघितलं की दोन मिनिटं बरं वाटतं, आणि पुन्हा शंका येते. जितकं तपासावं तितकी शंका वाढते, हा काळजीचा नियमच आहे. त्यातून सशाच्या काही सवयी अशा, की माहीत नसल्या तर छातीत धडकीच भरावी.

तो पुष्कळदा डोळे उघडे ठेवून झोपतो. खूप निवांत वाटलं की एकदम धप्पकन कुशीवर पडतो आणि पाय ताणून देतो, जणू प्राणच गेला! खरं तर ते त्याच्या समाधानाचं लक्षण. आपला श्वास मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो, सशाचा तीस ते साठ वेळा. आपल्या हिशेबाने पाहिलं तर तो धापा टाकतोय असंच वाटणार. काही पाला खाल्ल्यावर त्याची लघवी तांबूस-नारिंगी होते, ती रक्तासारखी दिसते. दोन-तीन दिवस टिकली किंवा लघवी करताना तो कुंथत असेल तरच डॉक्टरांना दाखवा. आणि हो, रोजच्या कोरड्या लेंड्यांखेरीज तो मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्याही टाकतो आणि त्या स्वतःच खातो. किळस वाटली तरी अडवू नका, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात.

आता टॉर्चबद्दल. अंधारात अचानक उजेड पडून माणूस अंगावर वाकला, की शिकार होणाऱ्या जीवाला काय वाटेल? तो दचकतो. सारखी भीती आणि ताण असला की सशाचं पोट मंदावतं, आणि पोट मंदावणं हाच तर त्याचा मोठा आजार. म्हणजे ज्या भीतीपोटी आपण उठतो, तिलाच आपण खतपाणी घालतो. हे कळल्यावर वहिनींनी पहिलं काम केलं ते टॉर्च कपाटात ठेवण्याचं.

खरी धोक्याची खूण

मग लक्ष ठेवायचं तरी कशावर? सशाच्या बाबतीत दोनच गोष्टी सगळ्यांत मोलाच्या, खाणं आणि लेंड्या. त्याचं पोट अखंड चालू राहावं लागतं. ते थांबलं की आत वायू धरतो, पोट फुगतं आणि दुखतं. दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून पोट आणखी थांबतं. सशाला उलटीही होत नाही. म्हणून दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नसेल किंवा लेंड्या टाकल्या नसतील, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

पातळ जुलाब (पिल्लांत हे फार घातक), तोंड उघडून श्वास घेणं, मान एकीकडे वाकडी होणं, अंग गोळा करून दात करकरा खात बसणं, नाकातून सारखं वाहणं, हीसुद्धा थांबू नये अशी लक्षणं. उन्हाळ्यात कान तापलेले, अंग ढिलं वाटलं तर त्याला सावलीत गार फरशीवर ठेवा, कान साध्या पाण्याने ओले करा आणि दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच तो जाईल.

सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांत ताजातवाना असतो. दुपारी तो पेंगतो, त्यात काही गैर नाही. म्हणून बघायच्या वेळाही त्याच ठेवा. सकाळी चहा टाकण्याआधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर. एक जुनी वही घ्या. त्यात चारच गोष्टी लिहा. गवत खाल्लं का? पाणी कमी झालं का? लेंड्या नेहमीसारख्या गोल, भरपूर आहेत का? पिंजरा उघडल्यावर पुढे आला का? आठवड्यातून एकदा टोपलीत बसवून वजन करा, किराणा दुकानदाराच्या काट्यावर चालेल. पिल्लाचं वजन वाढायला हवं आणि मोठ्याचं टिकायला हवं. डोळ्यांना कळायच्या आधी काट्याला कळतं.

खाण्याचं म्हणाल तर त्याचं खरं अन्न गवत. हरळी असो किंवा दुसरं वाळलेलं स्वच्छ गवत, दिवसभर पुढ्यात हवं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात. ते झिजतात गवत चावूनच. लसूणघास पिल्लांना चालतो, मोठ्यांना मात्र बेतानेच. कोथिंबीर, थोडी मेथी चांगली. गाजर सशाचं आवडतं खरं, पण ते गोड, चवीपुरतंच द्या. पोळी, भात, बिस्किटं नकोत. नवं काही सुरू करायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडलेलं घेऊ नका, ते दिसायला गोंडस असलं तरी त्याचं पोट तयार झालेलं नसतं.

जुनाच पिंजरा वापरताय? पहिला ससा जुलाबाने गेला असेल तर हे महत्त्वाचं. पिल्लांना जुलाब लावणाऱ्या एका आजाराचे जंतू साध्या फिनेलने मरत नाहीत. पिंजऱ्यावर उकळतं पाणी ओता आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. लाकडी फळी, गोणपाट टाकूनच द्या.

डॉक्टर आधी शोधा

लहान गावातले पशुवैद्य प्रामुख्याने गाई-म्हशी बघतात. म्हणून ससा चांगला असतानाच एकदा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारून या, "सर, सशाला तपासता का? नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी कोण बघतं?" तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. घरातली माणसांची औषधं त्याला देऊ नका. ॲमॉक्सिसिलिनसारखी काही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही दगावू शकतो. कुत्र्याच्या पिसवांवरचं फिप्रोनिल असलेलं औषधही सशाला विषारी. उचलतानाही एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली हवा. कान धरून मुळीच नाही. हवेत लाथा झाडल्या तर त्याचा कणाच मोडू शकतो.

आणि आपल्या मनाचं काय?

नव्या सशाला जुन्याचं नाव देऊ नका. तो बिचारा दुसऱ्याची जागा भरायला आलेला नाही. मुलं विचारतात, "हापण मरेल का गं आई?" तेव्हा "नाही गं, वेडी का तू!" म्हणून उडवून लावू नका. "एक दिवस जाईल. पण आज तो बरा आहे, आणि आपण त्याची नीट काळजी घेतोय," एवढं खरं सांगितलं की मूल शांत होतं. गेलेल्याला "झोपला" म्हणू नका, मुलांना मग झोपेचीच भीती बसते. वहिनींच्या लेकीने जुन्या सशाचं चित्र काढून वहीच्या आतल्या पानावर चिकटवलं. सासूबाईंनीही ते बघितलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र अंगणातली मूठभर हरळी स्वतः खुडून आणली.

वही भरल्यावरही जीव घाबराघुबरा होत असेल, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कामात लक्ष नसेल, तर कदाचित प्रश्न एकट्या सशाचा नसेल. कधी कधी एका छोट्या जिवाच्या निमित्ताने मनात साठलेलं जुनं मोठं दुःख वर येतं. त्याची लाज वाटून घेऊ नका. आपल्या डॉक्टरांशी बोला, किंवा केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' या १४४१६ क्रमांकावर फोन करा. २०२२ साली सुरू झालेली ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

नीट निगा राखली तर पाळीव ससा आठ-दहा वर्षं जगतो. काही जगत नाहीत, सगळं नीट करूनही. ते आपल्या हातात नसतं. आपल्या हातात आहे ताजं गवत, गार सावली, वेळेवर दवाखाना आणि रात्रीची त्याची-आपली दोघांची शांत झोप. तेव्हा आजच डॉक्टरांचा नंबर विचारून घ्या आणि उद्या सकाळपासून वही सुरू करा.