‘बाई’ ते ‘मोरा’
१८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत इस्रायली शाळा काढली. शिक्षकी पेशाला आपल्या समाजात मान होता. ‘बाई’ वर्गात आल्या की मुले उठून उभी राहात.

इस्रायलला आल्यावर उल्पानमध्ये आम्हीच विद्यार्थी झालो. पुढे वर्गावर गेलो, तर मुले नुसत्या नावाने हाक मारीत! आधी वाईट वाटले. मग कळले, इथली रीतच ती.

समोर मोरोक्को, रशिया, इथिओपियाहून आलेल्या घरांतली मुले. हिब्रू अडखळते म्हणून एखादे गप्प बसे. ती भीती आम्ही स्वतः भोगलेली, म्हणून लगेच ओळखू येई.

शिक्षकाला सनद कॉलेज देते. पण त्याने कसा शिक्षक व्हायचे, हे समोरची मुलेच शिकवतात.