जुनी बिडाची शेगडी घेताय? आधी ती कोणत्या काळातली आहे ते ओळखा!

मागच्या व्हिडिओनंतर चंद्रपूर, गडचिरोली, वडसा भागातून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, नाश्त्याचा ठेला टाकायचा आहे. नवीन शेगडी महाग पडते. भंगारातली बिडाची जुनी घेऊ का?"

घ्या. पण ओळखून घ्या. मी पहिली शेगडी घेतली तेव्हा ती ओळखली नव्हती. आईने बचत गटातून उचललेले पैसे होते. विकणारा म्हणाला, "इंग्रजांच्या काळातली आहे भाऊ, शंभर वर्षं मरत नाही." वरून छान काळा रंग मारलेला. तिसऱ्या आठवड्यात तापल्यावर बर्नरच्या बाजूला बारीक तडा दिसला, आणि त्यातून ज्योत बाहेर येत होती. नशिबाने कोणाला काही झालं नाही, पण पैसे गेलेच.

आता मुद्द्यावर येऊ.

१. हे बीडच आहे का?
लोहचुंबक लावून कळत नाही. चुंबक बिडाला पण चिकटतो आणि पत्र्याला पण. त्यामुळे कडा बघा. पत्रा दुमडलेला असतो, रिबीट किंवा वेल्डिंग दिसतं. बीड साच्यात ओतलेलं असतं, म्हणून जाड, थोडं खरबरीत, आणि कुठेतरी साच्याच्या जोडाची बारीक रेघ सापडते. चुंबक चिकटलाच नाही आणि रंग पिवळा असेल तर ते पितळ.

२. कोणती पिढी?
*कोळशाची:* आपल्या कोळशाच्या पट्ट्यात ही बरीच दिसते. वर बिडाची जाळी, खाली राखेचा कप्पा, बाजूला हवेचं तोंड. जेट नाही, नळी नाही. जाळी वाकली किंवा जळून पातळ झाली असेल तर ती बदलावी लागेल, तो खर्च आधीच धरा. आणि ही बंद खोलीत कधीच पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

*रॉकेलची पंपाची:* खाली पितळी टाकी, बाजूला पंप. ही पद्धत १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने काढली, 'प्रायमस' हे नाव तिथूनच आलं. आज ही शोभेसाठी विकायला चांगली, धंद्याला नाही.

*गॅसची:* बिडाचा बर्नर, जेट, कॉक, नळी. इथेच लोक फसतात. आपल्याकडे सिलिंडरचा गॅस १९५५ ला मुंबईत बर्मा शेलने आणला. म्हणजे सिलिंडरच्या गॅसची शेगडी दाखवून कोणी "इंग्रजांच्या काळातली" म्हणत असेल, तर तो तुम्हाला गोष्ट विकतोय, शेगडी नाही! माझं तेच झालं होतं.

परदेशात जुन्या बिडाच्या चुलींना खरंच किंमत आहे. गुस्ताफ डालेन या नोबेल मिळालेल्या स्वीडिश शास्त्रज्ञाने डोळे गेल्यावर, १९२२ मध्ये, 'आगा' नावाची बिडाची मोठी चूल बनवली. तिचं मॉडेल लोक झाकणं, ओव्हनचे दरवाजे आणि नावाची पट्टी बघून ओळखतात. नियम तोच: तोंडच्या गोष्टीवर नाही, वस्तूवरच्या खुणांवर विश्वास.

३. घरगुती की हॉटेलची?
घरगुती गॅस शेगडीवर आयएसआय मार्क आणि आयएस ४२४६ हा नंबर असतो. खाली सीएम/एल नंबर असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर तपासा. हॉटेलची मोठी भट्टी बऱ्याचदा हाय प्रेशरवर चालते, तिला वेगळा रेग्युलेटर लागतो. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लावू नका. आणि धंद्याला व्यावसायिक सिलिंडरच. घरचा १४.२ किलोचा ठेल्यावर वापरणं बेकायदेशीर आहे.

४. तडा कसा शोधायचा?
आधी रंग घासून काढा. छोट्या हातोडीने हलकेच ठोका. चांगलं बीड खणखणतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. मग विस्तवापासून लांब, थंड शेगडीवर थोडं रॉकेल लावा, पुसा आणि वरून खडू घासा. तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. तडकलेला बर्नर वेल्डिंग करून वापरू नका, सरळ बदला.

५. हिशोब
समजा शेगडी १,५०० ला मिळाली. बर्नर ६००, नळी आणि रेग्युलेटर ७००, मेकॅनिक ३००. झाले ३,१००. नवीन ३,५०० ला मिळत असेल तर ४०० रुपयांसाठी जोखीम घेऊ नका. नळी मात्र जुनी घेऊच नका. सुरक्षा होज पण पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते.

विकणारा रंग घासू देत नसेल, तर हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा. शेगडी दुसरी मिळेल. आईने उचललेले पैसे दुसऱ्यांदा मागायला फार जड जातं, हे मी अनुभवाने सांगतो.

घेण्याआधी शेगडीचे खालून, वरून आणि नंबरचे असे तीन फोटो काढा, घरी नीट बघा, मगच पैसे द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!